आधी विषयाचे इंग्रजी, मग गप्पांचे

मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी अभियांत्रिकी, औषधनिर्माण किंवा विज्ञान शाखेच्या महाविद्यालयात दाखल होतो, तेव्हा त्याला इंग्रजी अजिबात येत नसते असे मुळीच नाही. महाराष्ट्रातील मराठी शाळांमध्ये २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते, अनेक ठिकाणी गणित आणि विज्ञान सेमी-इंग्रजी पद्धतीने होते, आणि अकरावीला विज्ञान शाखा घेतली की पाठ्यपुस्तके इंग्रजीच हातात पडतात. असा विद्यार्थी इंग्रजीत पेपर लिहितो, पास होतो, पुष्कळदा चांगले गुणही मिळवतो. तो अडतो ओरलच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, टेबलासमोर. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, साधाच प्रश्न विचारतात, उत्तर मनात मराठीत तयार असते, आणि तरीही 'सर, ॲक्च्युअली...' याच्या पुढे गाडी सरकत नाही. वर्गात शंका असूनही हात वर होत नाही, सेमिनारच्या दिवशी घशाला कोरड पडते, आणि हळूहळू आपल्याला विषयच येत नाही असा समज होऊ लागतो.

अशा विद्यार्थ्याने सुरुवात सर्वसाधारण संभाषणापासून करू नये, स्वतःच्या अभ्यासविषयापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. 'स्पोकन इंग्लिश'चे बहुतेक क्लास नेमके उलट करतात. स्वतःची ओळख, छंद, हॉटेलातली ऑर्डर आणि वाक्प्रचारांच्या लांबलचक याद्या यांत त्यांचे पहिले काही महिने जातात. ते वाया जातात असे नाही, पण ज्याला पुढच्या महिन्यात फ्लुइड मेकॅनिक्सची ओरल द्यायची आहे त्याला त्यांचा उपयोग थोडाच होतो. शिवाय गप्पा ही वाटते तितकी सोपी गोष्ट नव्हे. गप्पांना विषयाची सीमा नसते, समोरचा कधी क्रिकेटवरून राजकारणावर जाईल ते सांगता येत नाही, आणि त्यात विनोद, टोमणे, अर्धी सोडलेली वाक्ये असतात. विषयाच्या बोलण्यात मात्र शब्द मोजके असतात, वाक्यांचे साचे ठरलेले असतात आणि पुढचा प्रश्न काय असेल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. धीर आधी अशा आखलेल्या जागेत येतो आणि मग बाकीच्या बोलण्यात पसरतो.

समजते, पण बोलता का येत नाही

कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अभ्यास करताना भाषाशास्त्रज्ञ मेरिल स्वेन यांना असे आढळले की, कित्येक वर्षे फ्रेंच ऐकून आणि वाचून मुलांचे आकलन उत्तम झाले होते, परंतु बोलण्यात आणि लिहिण्यात ती बरीच मागे राहिली होती. स्वतः भाषा घडवण्याची गरज पडल्याशिवाय ती पक्की होत नाही, असा विचार त्यांनी १९८५ मध्ये मांडला. ऐकताना चार ओळखीचे शब्द आणि संदर्भ यांवरून अर्थ लावता येतो. बोलताना मात्र काळ, शब्दांचा क्रम, एकवचन-अनेकवचन या सगळ्यांची निवड आपली आपल्याला, आणि तीही क्षणार्धात, करावी लागते. आपल्याकडच्या वर्गांत इंग्रजीचा धडा मराठीत समजावून सांगितला जातो, उत्तरे फळ्यावरून वहीत उतरतात आणि परीक्षेत वहीतून पेपरात जातात. या साऱ्या प्रवासात जिभेला काम असे पडतच नाही. म्हणून व्याकरणाचे आणखी एक पुस्तक आणणे किंवा रोज इंग्रजी वेब सिरीज पाहणे हे या दुखण्यावरचे औषध होऊ शकत नाही. सिरीज पाहून ऐकण्याची सवय होते, आणि ती हवीच. पण तेवढ्याने जीभ वळू लागत नाही.

सूत्रे, आकडे आणि आकृत्या मोठ्याने वाचणे

पहिले दोन-तीन आठवडे कोणाशीही बोलू नये, फक्त स्वतःचे विषयाचे पुस्तक रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचावे. वाचायचे ते सगळे पान नव्हे. व्याख्या, आकृतीखालच्या ओळी, प्रयोगाची कृती आणि सूत्रे एवढेच निवडावे. मराठी माध्यमात वर्गमूळ, घनफळ, संवेग, त्वरण, जडत्व हे शब्द आपण शेकडो वेळा उच्चारलेले असतात. त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द डोळ्यांना ओळखीचे आणि जिभेला परके असतात. मोमेंटम, ॲक्सिलरेशन, इनर्शिया हे शब्द प्रथम ओरलमध्येच उच्चारण्याची वेळ आली तर बोबडी वळणारच.

सूत्रांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ती लिहिताना एकही शब्द लागत नाही आणि बोलताना प्रत्येक चिन्हाला शब्द लागतो. 'एक्स स्क्वेअर्ड', 'रूट ऑफ टू', 'डी वाय बाय डी एक्स', 'टेन टु द पॉवर मायनस थ्री', 'व्ही इज डायरेक्टली प्रपोर्शनल टु आय' हे तोंडातून सहज निघेपर्यंत म्हणावे. दशांश चिन्हानंतरचे अंक सुटे वाचायचे असतात; ३.१४ म्हणजे 'थ्री पॉइंट वन फोर', 'थ्री पॉइंट फोर्टीन' नव्हे. मराठीत पंचवीस, सत्तेचाळीस या शब्दांत एकक आधी आणि दशक नंतर येतो, इंग्रजीत त्याच्या उलट. त्यामुळे घाईत ४७ चे ७४ होण्याची शक्यता असते. निरीक्षणांचा तक्ता समोर ठेवून त्यातील आकडे एका दमात वाचण्याचा सराव केल्यास ही अडचण लवकर संपते. लाख आणि कोटी यांची मिलियनशी सांगड मात्र एकदाच नीट घालून ठेवावी: दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन.

इतिहास, अर्थशास्त्र किंवा वाणिज्य शिकणाऱ्यांनी सूत्रांच्या जागी आलेख, सनावळ्या आणि तक्ते घ्यावेत. मागणीचा वक्र उजवीकडे सरकला तर 'द डिमांड कर्व्ह शिफ्ट्स टु द राइट' हे वाक्य आलेखावर बोट ठेवून म्हणावे. समोर चित्र असले की सांगायचे काय हा प्रश्न उरत नाही, आणि सगळे लक्ष कसे सांगायचे याकडे देता येते.

ओरलची तयारी: तीन वाक्यांचे उत्तर

वाचनानंतरची पायरी म्हणजे प्रत्येक प्रयोगावर विचारले जाणारे आठ-दहा प्रश्न जर्नलच्या मागच्या पानावर लिहून काढणे आणि प्रत्येकाचे उत्तर तीन छोट्या वाक्यांत बोलणे. पहिले वाक्य थेट उत्तराचे, दुसरे त्यामागील तत्त्वाचे आणि तिसरे स्वतःच्या प्रयोगात काय दिसले त्याचे असावे. समजा, ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड आणि कोनिकल फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड घेऊन टायट्रेशन केले आहे आणि फिनॉल्फ्थॅलीनच का वापरले असा प्रश्न आला. उत्तर असे होईल: 'वी यूज्ड फिनॉल्फ्थॅलीन बिकॉज इट चेंजेस कलर ऑन द बेसिक साइड. ऑक्झॅलिक ॲसिड इज अ वीक ॲसिड अँड सोडियम हायड्रॉक्साइड इज अ स्ट्राँग बेस, सो द एंड पॉइंट लाइज अबव्ह सेव्हन. इन अवर एक्स्पेरिमेंट द सोल्यूशन टर्न्ड फ्रॉम कलरलेस टु पेल पिंक.' या उत्तरात एकही भारदस्त शब्द नाही, तरी परीक्षकाला हवे ते सगळे आहे. पुढचा प्रश्न बहुधा तो रंग कोणत्या पीएचला बदलतो हाच असेल, सुमारे ८.२ ते १० हे उत्तरही वर सांगितल्याप्रमाणे अंकशः म्हणून ठेवावे.

अशी उत्तरे घोकून पाठ करू नयेत. पाठांतराचा दोष असा की, मधला एक शब्द निसटला तर पुढचे सगळे निसटते. 'वी यूज्ड अमुक बिकॉज तमुक', 'इफ वी इन्क्रीज हे, ते डिक्रीजेस', 'द डिफरन्स बिटवीन हे अँड ते इज दॅट' असे दहा-बारा साचे जिभेवर बसवावेत आणि त्यांत वेगवेगळ्या प्रयोगांचा मजकूर घालून पाहावा. 'इंग्रजीत विचार करायला शिका' हा सल्ला सगळेच देतात, पण ठरवून कोणाला इंग्रजीत विचार करता येत नाही. साचे पक्के झाले की विचार आणि वाक्य यांच्यातले भाषांतर आपोआप कमी होते. तोपर्यंत विचार मराठीत आला तर येऊ द्यावा.

प्रश्न कळला नाही तर काय करायचे, हेही आधी ठरलेले असावे. गप्प राहणे हा सर्वांत महाग पर्याय आहे, कारण परीक्षक त्याचा अर्थ 'येत नाही' असाच लावतात. 'कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन, सर?', 'डू यू मीन द प्रिन्सिपल ऑर द प्रोसीजर?', 'लेट मी थिंक फॉर अ मोमेंट' ही तीन वाक्ये झोपेतून उठवले तरी म्हणता आली पाहिजेत. यांपैकी दुसरे सर्वांत उपयोगी आहे, कारण त्यामुळे प्रश्न अर्धा समजला आहे हेही परीक्षकाला कळते.

मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य यांचा झगडा

मराठीत क्रियापद शेवटी येते. 'मी काल दुपारी लॅबमध्ये जाऊन मित्राबरोबर ते रीडिंग पुन्हा घेतले' या वाक्यात घेतले की तपासले, हे शेवटपर्यंत ठरवले नाही तरी चालते. इंग्रजीत 'आय'नंतर लगेच क्रियापद द्यावे लागते, आणि नेमक्या त्याच जागी आपण थबकतो. यावर उपाय म्हणजे लांब मराठी वाक्याचे मनातच तुकडे करणे: 'आय वेंट टु द लॅब. माय फ्रेंड वॉज विथ मी. वी टुक द रीडिंग अगेन.' तोकडी वाक्ये बोलल्याने आपण अडाणी दिसू, ही भीती निराधार आहे. चांगले अध्यापकही फळ्यापाशी अशीच वाक्ये बोलतात. कर्ता गाळण्याची मराठीतली मुभा इंग्रजीत नाही, हेही लक्षात ठेवावे. 'कळले' एवढे म्हटले की मराठीत भागते, तिथे 'आय अंडरस्टँड' म्हणावेच लागते.

नकारार्थी प्रश्नाचे उत्तर हा ओरलमधला छुपा खड्डा आहे. परीक्षक विचारतात, 'यू डिडन्ट टेक द ब्लँक रीडिंग?' आपण मराठी रीतीने, 'हो, नाही घेतले' या अर्थाने, 'येस सर' म्हणतो आणि समोरचा गोंधळतो, कारण इंग्रजीत या 'येस'चा अर्थ 'घेतले' असा होतो. रीडिंग घेतले नसेल तर 'नो सर, आय डिडन्ट' आणि घेतले असेल तर 'येस सर, आय डिड', एवढे जुळवून घेतले की पुरते. सौजन्याचेही तसेच आहे. मराठीत 'द्याल का', 'सांगा ना' अशा क्रियापदाच्या रूपांतूनच आदर व्यक्त होतो. तीच विनंती 'गिव्ह मी द शीट' अशी शब्दशः इंग्रजीत नेली तर ती हुकूम वाटते. 'कुड यू' आणि 'मे आय' यांनी वाक्य सुरू करण्याची सवय इथे कामाला येते.

'मायसेल्फ अमुक अमुक', 'डिस्कस अबाउट', 'डिडन्ट वेंट', 'आय ॲम हॅव्हिंग टू ब्रदर्स' या नेहमीच्या चुका दुरुस्त कराव्यात, पण एका आठवड्यात एकच. चारही एकदम सुधारू पाहणारा विद्यार्थी बोलताना स्वतःवर इतका पहारा ठेवतो की बोलणेच थांबते.

उच्चारांत काय सुधारायचे आणि काय सोडून द्यायचे

इंग्रज किंवा अमेरिकन माणसासारखे बोलण्याचा हट्ट धरू नये. मरे मन्रो आणि ट्रेसी डरविंग या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की, बोलणाऱ्याचा परका हेल ठळक असला तरी ऐकणाऱ्याला त्याचे बोलणे पूर्णपणे समजू शकते. आयईएलटीएस या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या तोंडी परीक्षेतही प्रवाहीपणा आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार असे चार निकष असतात, आणि उच्चारांत पाहिले जाते ते बोलणे कितपत सहज समजते हे. मराठी वळणाचे इंग्रजी हा दोष नव्हे. मात्र काही ठिकाणी मराठी वळणामुळे शब्दच बदलतो, आणि तिथे मेहनत घेतली पाहिजे.

अशी पहिली जागा म्हणजे ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए'. परीक्षा या अर्थाचा 'टेस्ट' आणि चव या अर्थाचा 'टेस्ट' देवनागरीत सारखेच लिहिले जातात, मराठी तोंडातून सारखेच निघतात, पण इंग्रजीत पहिल्यातला स्वर आखूड आणि दुसऱ्यातला लांबवलेला असतो. 'गेट', 'वेट', 'लेट' या जोड्यांचीही तीच गत आहे. दुसरी जागा 'इ' आणि 'ई'ची आहे. लिहिताना आपण ऱ्हस्व-दीर्घ पाळतो, बोलताना मात्र त्यांतला फरक फारसा जाणवू देत नाही. म्हणून 'फिल' आणि 'फील', 'लिव्ह' आणि 'लीव्ह' एकमेकांत मिसळतात. शब्दारंभीच्या प, ट, क या वर्णांबरोबर इंग्रजीभाषक थोडी हवा सोडतात, आपण सोडत नाही. भारतीय श्रोत्यांसमोर याने काहीच बिघडत नाही, परदेशात मात्र आपला 'पिन' कुणाला 'बिन' ऐकू येऊ शकतो.

या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे आघात. इंग्रजीत प्रत्येक लांब शब्दातील एक अवयव (सिलॅबल) ठासून म्हणायचा असतो आणि बाकीचे सैल सोडायचे असतात. मराठीच्या सवयीने आपण सगळ्यांना जवळजवळ सारखेच वजन देतो. 'पॅरामीटर'मध्ये जोर 'रॅ'वर, 'ॲनालिसिस'मध्ये 'ना'वर, 'ॲनालिटिकल'मध्ये 'लि'वर, 'मेकॅनिझम'मध्ये पहिल्याच 'मे'वर आणि 'इंजिनिअर'मध्ये शेवटच्या 'निअर'वर असतो. 'डिटर्मिन' या शब्दाचा शेवट 'माइन' असा करण्याची सवय तर प्राध्यापकांनाही असते, त्यामुळे ती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचते. आपल्या विषयातले तीस-चाळीस लांब शब्द काढून केंब्रिज किंवा ऑक्सफर्डच्या ऑनलाइन शब्दकोशात त्यांचे ध्वनिमुद्रण ऐकावे. उच्चारचिन्हांत ज्या अवयवाच्या आधी छोटी उभी रेघ असते, त्यावर जोर द्यायचा. यूग्लिश या संकेतस्थळावर तोच शब्द निरनिराळे वक्ते खऱ्या भाषणांत कसा म्हणतात तेही ऐकता येते. आयआयटींच्या प्राध्यापकांची एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील व्याख्याने याच कामासाठी मला अधिक पसंत आहेत, कारण विषय आपला, उच्चार भारतीय आणि मजकूर लेखी उपलब्ध असतो. एखादे मिनिटभराचे निवेदन ऐकावे, थांबवावे आणि वक्त्याच्या लगोलग तेच म्हणून पाहावे. वेग झेपला नाही तर यूट्यूबवर तो पाऊणपट करता येतो.

चार-तीन-दोन मिनिटे आणि चौघांचा गट

पॉल नेशन या न्यूझीलंडच्या भाषाशिक्षणतज्ज्ञाच्या लेखनामुळे प्रसिद्ध झालेली एक कसरत वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांसाठी अगदी सोयीची आहे. एकच विषय एका श्रोत्याला चार मिनिटांत सांगायचा, तोच लगेच दुसऱ्याला तीन मिनिटांत आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत. मजकूर तोच राहत असल्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी काय सांगायचे याचा शोध घ्यावा लागत नाही, आणि वेळ कमी होत गेल्याने अडखळण्याच्या जागा आपोआप गाळल्या जातात. श्रोता नवा असल्याने तेच पुन्हा सांगणे हास्यास्पदही वाटत नाही. विषय म्हणून त्या आठवड्याचा प्रयोग किंवा लेक्चरमधली एक संकल्पना घ्यावी. श्रोते मिळाले नाहीत तर मोबाइलवर तीन ध्वनिमुद्रणे करावीत आणि फक्त तिसरे ऐकावे. पहिले ऐकले तर उगाच हिरमोड होतो.

चौघांचा गट जमला तर आणखी चांगले, परंतु त्याचे नियम पहिल्याच दिवशी ठरले पाहिजेत. बोलणाऱ्याला मध्ये थांबवून चूक दाखवायची नाही. शब्द अडला तर मराठी शब्द वापरून वाक्य पुरे करायचे आणि तो शब्द नंतर शोधायचा. शेवटी प्रत्येकाला एकच सूचना द्यायची. आणि गटात जे बोलले जाईल त्याची कॅन्टीनमध्ये नक्कल करायची नाही. हा शेवटचा नियम वरवर किरकोळ वाटला तरी माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण आपल्या महाविद्यालयांत इंग्रजीची भीती शिक्षकांमुळे जितकी वाटते त्याहून अधिक 'लई इंग्लिश झाडतोय' या एका शेऱ्यामुळे वाटते. एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये परकीय भाषेच्या वर्गातील भीतीचा अभ्यास करताना संवादाची धास्ती आणि परीक्षेची धास्ती यांच्या जोडीला लोक काय म्हणतील ही धास्ती वेगळी नोंदवली होती. तिच्यावर व्याकरणाचा उतारा चालत नाही. तिला नक्कल न करणारी तीन माणसे लागतात. असा गट शोधताना कॉन्व्हेंटमधून आलेला, सफाईने बोलणारा मित्र घेतलाच पाहिजे असे नाही. सगळे साधारण एका पातळीचे असले तर बोलण्याची संधी सर्वांना मिळते.

वर्गातली पहिली शंका आणि सेमिनार

वर्गात बोलण्याची सुरुवात शंकेने करावी, उत्तराने नव्हे. उत्तर चुकू शकते, शंका चुकत नाही. आदल्या रात्री पुढचा भाग चाळून एक प्रश्न वहीत इंग्रजीत लिहून न्यावा आणि लेक्चरच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच विचारून टाकावा. उशीर केला की छातीतली धडधड वाढत जाते, आणि शेवटी सर 'एनी डाउट्स?' म्हणतात तेव्हा अख्खा वर्ग बाहेर पडण्याच्या तयारीत असल्याने विचारणाऱ्याकडे रागाने पाहिले जाते. पूर्ण वर्गासमोर धीर होत नसेल तर लेक्चरनंतर स्टाफरूममध्ये जावे, पण तिथेही शंका इंग्रजीतच विचारावी. सर मराठीत उत्तर देऊ लागले तर 'सर, मे आय ट्राय इन इंग्लिश?' असे म्हणायला हरकत नाही. बहुतेक अध्यापकांना त्याचे कौतुकच वाटते.

सेमिनारचे संपूर्ण भाषण लिहून पाठ करण्याचा मोह आवरावा. पहिली दोन वाक्ये, एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाण्याची वाक्ये आणि शेवटचे वाक्य एवढेच पाठ असावे. सुरुवातीची दोन वाक्ये पाठ असली की पहिले अर्धे मिनिट निभावते, आणि आवाजाचा कंप बहुधा त्याच अर्ध्या मिनिटात असतो. पीपीटीच्या स्लाइडवर परिच्छेद टाकले तर आपण श्रोत्यांकडे पाठ करून ते वाचत सुटतो, म्हणून स्लाइडवर आकृती, आलेख आणि मोजके शब्दच ठेवावेत. सराव उभे राहून, मोठ्या आवाजात आणि शक्य असेल तर त्याच खोलीत करावा. बसल्या जागी मनातल्या मनात केलेल्या सरावात जीभ अडखळत नसल्याने त्यातून काहीच कळत नाही.

गप्पा, जीडी आणि मुलाखत

विषयाचे बोलणे रुळले की गप्पांकडे वळावे. इथे साच्यांपेक्षा प्रश्न अधिक उपयोगी पडतात. परप्रांतीय रूम पार्टनरला त्याच्या गावाबद्दल, सणांबद्दल, मेसमधल्या जेवणाबद्दल प्रश्न विचारले की बोलण्याचा भार त्याच्यावर जातो आणि आपल्याला ऐकत ऐकत मध्ये वाक्ये टाकता येतात. तमिळ किंवा मल्याळम बोलणाऱ्या मित्राशी इंग्रजी हीच दोघांचीही उसनी भाषा असल्याने संकोच अर्ध्यावर येतो.

प्लेसमेंटच्या जीडीत, म्हणजे गटचर्चेत, पहिले बोलण्याची धडपड करू नये. दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाला 'आय अग्री विथ दॅट पॉइंट, अँड आय वुड लाइक टु ॲड' असे म्हणून शिरणे अधिक सोपे जाते. मुलाखतीत 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' या प्रश्नावर वडिलांचा व्यवसाय आणि दहावीचे टक्के सांगत बसू नये. आपला प्रकल्प काय होता, त्यात आपण नेमके काय केले आणि काय अडले, हे सांगावे. इतके महिने जे इंग्रजी घटवले ते याच ठिकाणी उपयोगी येते.

उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. अमेरिका आणि ब्रिटनमधील सेमिनार वर्गांत बोलण्याला पुष्कळदा गुण असतात, आणि आपण आदराने धरलेले मौन तिथे तयारीचा अभाव म्हणून मोजले जाते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्याला टीचिंग असिस्टंटचे काम देण्याआधी त्याचे बोललेले इंग्रजी तपासतात. प्राध्यापकांना 'सर' म्हणण्याची पद्धत तिथे नाही. त्यांनीच नावाने हाक मारायला सांगेपर्यंत 'प्रोफेसर' आणि आडनाव असे संबोधावे. आयईएलटीएसच्या तोंडी परीक्षेचा दुसरा भाग, ज्यात एक मिनिट विचार करून एक ते दोन मिनिटे सलग बोलायचे असते, तो निघण्याआधीच्या महिन्यांत रोज एकदा करावा, परीक्षा द्यायची नसली तरी.

हे सगळे करूनही बोलण्याआधी हात थरथरत असतील, श्वास कोंडत असेल, तर एकदा हे तपासून पाहावे की मराठीत चारचौघांत बोलतानाही असेच होते का. तसे होत असेल तर अडचण इंग्रजीची नाही, आणि इंग्रजीचा सराव वाढवून ती जाणारही नाही. महाविद्यालयाच्या समुपदेशकांना भेटावे, किंवा शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. तिथे मराठीतही बोलता येते. शब्दांच्या सुरुवातीला अडखळण्याची, अक्षरे पुन्हा पुन्हा उच्चारली जाण्याची सवय लहानपणापासून असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञ गाठावा, आणि ओरलच्या आधी आपल्या विषयाच्या अध्यापकांना तसे सांगून उत्तरासाठी थोडा जास्त वेळ मागून घ्यावा.